पालथा चमचा

४ नोव्हेंबर

जेवणघर आजपासून माझ्या ताब्यात आलं. व्यवस्थापकांनी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला आणि म्हणाले, "अकरा वर्षं चादरी सांभाळल्यात, आता ताटं सांभाळा." मी नुसती मान डोलावली. मनातून खूश होते, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. इथं खुशी दिसली की लगेच आणखी दोन कामं गळ्यात पडतात.

आमच्या शुश्रूषाघरात बावीस माणसं आहेत आणि बावीसही जणांची वाचा गेलेली आहे. कुणाला झटका आलेला, कुणाच्या डोक्याला मार बसलेला. बहुतेकांना कळतं सगळं, सांगता मात्र काही येत नाही. सगळ्यात अवघड वेळ जेवणाची. कुणाचं झालं, कुणाला अजून हवंय, काही पत्ता लागत नाही. आमच्या वाढपीणबाई कामाला विजेसारख्या, म्हणून त्यांना सगळे झटपटबाई म्हणतात. ताट वाढायलाही झटपट आणि उचलायलाही. आज त्यांनी बँडमास्तरांचं अर्धं भरलेलं ताट उचललं. बँडमास्तर म्हणजे लग्नाकार्यात वाजवणाऱ्या बँडचे जुने म्होरके. त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक आहे, "बरं". खूश झाले तरी बरं, संतापले तरी बरं. आज त्यांनी छडी आपटत "बरं! बरं!" असं म्हणत जेवणघर डोक्यावर घेतलं.

घरी आले तरी तेच डोक्यात. काहीतरी खूण हवी. बोलायला नको, लिहायला नको, अशी.

५ नोव्हेंबर

खूण सापडली. ती तर माझ्याच घरातली होती, लहानपणापासूनची.

जेवताना बोलायचं नाही, हा आमच्या वडिलांचा कायदा. आम्ही चौघं भावंडं खाली मान घालून जेवायचो. आई भिंतीला टेकून उभी असायची. पोट भरलं की चमचा ताटात पालथा घालायचा, मग आई ताट उचलायची. चमचा उताणा असला की आणखी वाढायची. शब्दही न बोलता सगळं सुरळीत चालायचं. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्या जगात असंच जेवतात.

तेच इथं करायचं. चमचा उताणा म्हणजे हवंय, पालथा म्हणजे झालं. ज्याला एक हात हलवता येतो त्याला हे जमेल.

९ नोव्हेंबर

पाटी मीच रंगवली. वर दोन ताटं, एकात उताणा चमचा, एकात पालथा. खाली ठळक अक्षरांत अर्थ. माझा पालथा चमचा जरा फुगीर झालाय. स्वयंपाकघरातल्या काकू म्हणाल्या, "ताई, ताटात कासव कशाला काढलंत?" झालं, दुपारपर्यंत सगळे तिला कासवाची पाटी म्हणू लागले. म्हणोत बापडे. पहिल्याच दिवशी बावीसपैकी सतरा जणांनी चमचा बरोबर ठेवला. बँडमास्तरांनी तीनदा उताणा ठेवला आणि तीनदा वाढून घेतलं. झटपटबाईंना मी दोनदा बजावलं, "पालथा दिसला की उचलायचं. विचारत बसायचं नाही, उगाच त्यांची घालमेल होते."

आज जेवणघरात आरडाओरडा झाला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा नुसता चमच्यांचा आवाज ऐकला. वडील असते तर त्यांना आवडलं असतं.

१७ नोव्हेंबर

नवीन आजी आल्या. वरच्या खोऱ्यातल्या, दोन डोंगर ओलांडून पलीकडे. भाचा त्याच्या मालमोटारीतून घेऊन आला, कागदांवर सह्या केल्या आणि बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत परत पोचायचं म्हणून चहाही न घेता निघाला. मुलगी आहे, ती दूर बंदरावर मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला. आजींची वाचा उन्हाळ्यातच गेली. हात चांगले आहेत, नजर तर इतकी तरतरीत की आपलीच मान खाली जावी.

त्यांना खिडकीजवळची जागा दिली. समोरची खुर्ची रिकामीच असते, तिथं ऊन तोंडावर येतं म्हणून कुणी बसत नाही. बसण्याआधी त्या कासवाच्या पाटीपुढे थांबल्या. अक्षरं त्यांना येत नसावीत. पण चित्राकडे पाहून चेहरा एकदम उजळला. पालथ्या चमच्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे वळल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मी व्यवस्थापकांना म्हटलं, "बघा, अक्षर न वाचता कळलं." ते म्हणाले, "ताई, तुम्ही तर शाळाच काढा."

खरं सांगायचं तर आज मला माझाच अभिमान वाटला.

१९ नोव्हेंबर

खिडकीवाल्या आजींनी आज ताट येताच चमचा पालथा घातला. वर हात जोडून बसल्या. सूप तसंच, भात तसाच. झटपटबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ताट उचललं. आजींनी ताटाकडे पाहिलं, मग झटपटबाईंकडे, मग माझ्याकडे. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस अन्न जात नाहीच कुणाला.

२५ नोव्हेंबर

अजून तेच. दोन्ही वेळा चमचा पालथा. संध्याकाळचं कपातलं दूध मात्र घटाघट पितात. पाव हातात दिला तर एक कणही ठेवत नाहीत. म्हणजे भूक आहे असं म्हणावं, तर ताटापुढे बसल्या की चमचा पालथा. आल्या तेव्हा वजन चव्वेचाळीस किलो होतं, आज बेचाळीस भरलं.

डॉक्टर शुक्रवारचे येतात. त्यांनी पोट तपासलं, घसा पाहिला. "सगळं ठीक आहे. घर सुटलं की म्हातारी माणसं अशी करतात. धीर धरा." काकूंचा जीव मात्र खालीवर होतोय. त्यांच्या हातचं कुणी परत पाठवलं की त्यांना तोंडात मारल्यासारखं वाटतं.

मीही विचारलं आजींना, अगदी जवळ जाऊन, "नको का हो?" त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. त्यांच्याकडे बहुधा मान हलवायची तऱ्हाच वेगळी आहे. चमचा तरी स्पष्ट आहे, नशीब.

२ डिसेंबर

आज आनंदाची बातमी! खिडकीवाल्या आजी जेवल्या. ताट चाटूनपुसून.

झालं असं की सकाळी माझ्या चपलेचा खिळा वर आला आणि टाचेत रुतला. लंगडत लंगडत त्यांचं ताट मीच नेलं, कारण झटपटबाई औषधांची ढकलगाडी फिरवत होत्या. ताट ठेवलं आणि टाच बघायला समोरच्याच खुर्चीत टेकले. काकूंनी माझा चहा तिथंच आणून दिला. मी साखर ढवळत होते, तेवढ्यात समोर चमच्याचा आवाज. आजींनी चमचा उताणा केला आणि जेवायला लागल्या. मी तर चहा प्यायचाही विसरले. मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या. आज लाल भोपळ्याचं सूप होतं. काकूंना सांगितलं, उद्याही भोपळाच करा. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

टाचेला मलम लावलंय. उद्यापासून पुन्हा पळापळ.

३ डिसेंबर

भोपळ्याचं सूप केलं. ताट झटपटबाईंनी नेलं. चमचा पालथा.

काकू रागावून म्हणाल्या, "काल काय मग चमत्कार होता?" कालच्या सुपात काही वेगळं पडलं होतं का, हे त्या घटकाभर आठवत बसल्या. मिरं कमी होतं म्हणे.

८ डिसेंबर

जेवणघरात नको ती कुजबुज सुरू झालीय. आजी ताट आल्यावर समोरची रिकामी खुर्ची पायानं ढकलतात. आज तर हातानं तिच्याकडे खूण केली, या, बसा, अशी. खुर्चीत कुणीही नव्हतं. ताट घेऊन उभ्या होत्या त्या झटपटबाई. त्यांची तर बोबडीच वळली. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "आजींचं माणूस येऊन बसतं तिथं. आधी त्याला जेवायला घाला म्हणतात." काकूंनी लगेच कानाला हात लावले. "गेलेला नवरा असेल. न्यायला आलाय."

मी दोघींना झापलं. शिकल्यासवरल्या नसलात तरी इतकंही नको, म्हटलं. पण संध्याकाळी टेबलं पुसताना ती खुर्ची आत सरकवायला माझा हात धजेना. तशीच ठेवून आले.

१४ डिसेंबर

अडतीस किलो. आजी आता खोलीतच असतात, खाटेवर. मी स्वतः भरवायला गेले. खाटेशी वाकून चमचा ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग हळूच माझं मनगट धरलं आणि चमचा माझ्याच तोंडाकडे वळवला. दोनदा. मी म्हटलं, "मी नंतर जेवेन हो, आधी तुम्ही." शब्द कळले की नाही देव जाणे, पण डोळे मिटून घेतले.

डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. नळीबद्दल विचारलं तर म्हणाले, "या वयात कधीकधी माणूस ठरवतं. तिनं ठरवलंय. आपण जबरदस्ती करायची का?" भाच्याला फोन लागला एकदाचा. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणाला. रस्ता बर्फानं बंद आहे. मुलीचा पत्ताही त्याच्याकडे अर्धाच आहे.

मला योग्य काय वाटतं? मला वाटतं, कुणाचं चमच्यातून सांगितलेलं आपण ऐकलं पाहिजे. त्याचसाठी तर पाटी लावली. पण आज माझंच ताट तसंच राहिलं.

२४ डिसेंबर

पहाटे गेल्या. छातीत कफ साठला आणि अंगात जोर नव्हता, असं डॉक्टरांनी लिहिलं. खाटेजवळच्या कपाटावर रात्रीची पेजेची वाटी होती. चमचा वाटीवर पालथा, अगदी सरळ, नीट ठेवलेला.

मी तो उचलून धुतला. धुतल्यावर इतर चमच्यांत टाकवेना. माझ्या पिशवीत राहिला आणि घरी आला.

२९ डिसेंबर

खिडकीजवळची खुर्ची.

रोज संध्याकाळी सगळ्या खुर्च्या मी आत सरकवते. सकाळच्या न्याहरीलाही त्या तशाच असतात. पण दुपारच्या जेवणाला मी आत पाऊल टाकते तेव्हा ती एकच बाहेर ओढलेली असते, जरा तिरपी, कुणाला तरी बसायला दिल्यासारखी. तीन दिवस बघतेय. झटपटबाई त्या टेबलापाशी फिरकत नाहीत. तिकडचं वाढप मलाच करावं लागतं. पलीकडच्या टेबलावर बँडमास्तर एकटेच बसतात. आज त्यांची छडी त्या खुर्चीखाली पडली होती, ती उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "बरं," म्हणाले. तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

६ जानेवारी

मी असल्या गोष्टी मानत नाही. हे इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचून माझी मलाच आठवण राहील.

पण आज जेवणघर भरलेलं असताना मला पाठीमागून चमचा उलटल्याचा आवाज आला. एकच टिक. वळून पाहिलं तर खिडकीजवळचं टेबल रिकामं. बँडमास्तरांनी चमचा पालथा घातला होता, ताट पूर्ण भरलेलं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणजे आता त्यांनीही अन्न सोडलं की काय! मी ताट न उचलता तशीच उभी राहिले. त्यांनी छडी उचलून कुठंतरी दाखवली, खिडकीकडे. "बरं," म्हणाले. "बरं, बरं, बरं." कपाळावर घाम आला होता त्यांच्या. शेवटी वैतागून चमचा उताणा केला आणि जेवले.

त्यांनाही ती दिसते का? विचारायची हिंमत झाली नाही. आणि विचारलं असतं तरी उत्तर एकच.

११ जानेवारी

व्यवस्थापकांनी बोलावून पेढे दिल्यासारख्या आवाजात सांगितलं की संस्थेच्या आणखी दोन घरांत माझी पाटी लागणार आहे. छापायला टाकलीय. कासव जरा नीट काढून घेतलंय चित्रकाराकडून. खाली बारीक अक्षरांत माझ्या हुद्द्याचा उल्लेख. दोन महिन्यांपूर्वी हे ऐकून मी हवेत तरंगले असते. आज म्हटलं, "थोडं थांबायचं का?"

"का? काही अडचण?"

अडचण काय, ते मलाच सांगता येत नव्हतं. खुर्ची सरकते म्हणून सांगू? म्हटलं, काही नाही.

घरी हल्ली मी चमच्यानं जेवत नाही. पिशवीतला तो चमचा ओट्यावर आहे. मी तो उताणा ठेवते. येता-जाता बघते, अजून उताणाच आहे ना.

१९ जानेवारी

रस्ता उघडला. आज आजींची मुलगी आली.

दुपारचे अडीच वाजले होते, जेवणं आटोपली होती. दारात एक चाळिशीची बाई, हातात पत्र्याची पेटी, बोटांना कारखान्यातल्या चिरा. भाच्याचं पत्र तिला पंधरा दिवसांनी मिळालं. दोन दिवस प्रवासात होती. आमची भाषा तिला चांगली येते, बंदरावर हीच चालते. मी म्हटलं, आधी दोन घास खा, मग आईच्या वस्तू दाखवते. ती नेमकी जाऊन खिडकीजवळच बसली. मी सांगितलं नव्हतं.

ताट वाढून आणलं. तिनं ताटाला हात लावून नमस्कार केला, चमचा उचलला आणि पालथा घातला. हात जोडून बसली.

माझा हात सवयीनं ताटाकडे गेला. ताटाच्या कडेवर बोटं टेकलीसुद्धा.

"भूक नाही का?" मी विचारलं.

"भूक? जीव चाललाय भुकेनं." ती हसली. "तुम्ही बसा ना."

"माझं जेवण झालंय."

"मग नुसत्या बसा. चहा घ्या. वाढणारं माणूस समोर बसून स्वतःचा चमचा हातात घेत नाही तोवर आमच्यात चमचा सुलटा करत नाहीत. ते उपाशी आणि आपण खायचं, म्हणजे त्याला नोकर केल्यासारखं. मी बाहेर राहून सैल झालेय हो, कारखान्यात कोण कुणासाठी थांबतं? पण आज आईच्या जागी आलेय, म्हटलं नीट वागावं. आई तर जीव गेला तरी चमचा उचलायची नाही." मग थांबली आणि म्हणाली, "म्हणजे, उचलायची नाही असं… आता काय म्हणायचं."

मी बसले. काकूंनी चहा आणला, मी चमचा घेऊन ढवळायला लागले. साखर घातलीच नव्हती. समोर टिक असा आवाज झाला आणि ती जेवायला लागली.

अर्ध्या ताटावर आल्यावर तिनं विचारलं, "शेवटी शेवटी नीट जेवत होती ना?"

"हो," मी म्हटलं.

"कोण बसायचं सोबत?"

"मी."

हे मी लिहितेय कारण कुठंतरी ते लिहिलेलं असलं पाहिजे. मी तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. ती म्हणाली, "उपकार झाले तुमचे," आणि माझा हात दोन्ही हातांत धरला, तिच्या आईनं धरला होता तस्साच.

जेवण झाल्यावर ताट घेऊन उठली तेव्हा तिला पाटी दिसली. लांबून चित्रच दिसतं. "अगं बाई!" ती आनंदानं म्हणाली. "तुमच्याकडेही असंच? मग आईला घरच्यासारखंच वाटलं असणार." हसत हसत पाटीकडे गेली. खालची अक्षरं ती सावकाश वाचत होती, ओठ हलवत, एकेक शब्द. पालथा. चमचा. म्हणजे. जेवण. झालं. ताट. उचलावं.

तिची पाठ माझ्याकडेच होती.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"अडतीस."

"आणि तुम्ही बसायचात."

"एकदा. टाचेत खिळा रुतला होता म्हणून." मी रडायला लागले होते. "त्या दिवशी सगळं जेवल्या. आम्हाला वाटलं, भोपळा आवडला."

ती ओरडेल, ताट फेकेल असं वाटलं. फेकलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आत जाऊन स्वतःचं ताट घासलं, चमचा पुसून ठेवला. आईची शाल, फणी आणि औषधांची पिशवी पेटीत भरली. ओट्यावरचा तो चमचा आणायला मी घरी पळाले असते, पण ती थांबणार नव्हती. फाटकापाशी मागे वळली.

"ही पाटी तिनं पाहिली होती?"

"पहिल्याच दिवशी."

"बघून हसली का?"

मी मान डोलावली. ती पेटी उचलून रस्त्याला लागली.

२० जानेवारी

व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग दार लावून घेतलं. "डॉक्टरांनी कफ लिहिलंय. कफच होता. तुम्ही मनाला लावून घेताय. एका खोऱ्याची रीत ती, आपण किती जणांच्या रिती लक्षात ठेवणार?" मी म्हटलं, विचारता तर आलं असतं. ते म्हणाले, "ज्यांना बोलता येत नाही त्यांना?"

मी बाहेर आले, स्टूल घेतलं आणि पाटी उतरवली. दोन्ही घरांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहून टाकली, की ही पाटी लावू नका आणि का लावू नका. "नोकरीचा विचार करा," व्यवस्थापक मागून म्हणाले. केला. आणि पत्रं टपालपेटीत टाकली.

संध्याकाळी घरी बसून आईला जेवताना आठवायचा प्रयत्न केला. वडील आठवतात, भावंडं आठवतात. आई भिंतीशी उभी आठवते. वाढताना आठवते, ताट उचलताना आठवते. बसलेली आठवत नाही. चमचा पालथा घातला की ती पुढे यायची आणि आम्ही उठून जायचो. ती कधी जेवायची, कुठं, कशानं, हे चौघांपैकी एकानंही कधी विचारलं नाही. धाकट्या भावाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "जेवतच असेल की."

२३ जानेवारी

आज जेवणघरात जरा लवकर गेले. बँडमास्तर एकटेच होते. छडीची मूठ खुर्चीच्या पायात अडकवून ते खिडकीजवळची खुर्ची ओढत होते. एका हातानं, थांबत थांबत, दात आवळून. खुर्ची तिरपी झाली तेव्हा मागे टेकले. मग मी दिसले. पळून जाता येण्यासारखं असतं तर मी पळाले असते. महिनाभर तो माणूस मला सांगत होता आणि मी भुताला घाबरत होते.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. इतक्या हळू की मला वाईट वाटलं.

मी माझं ताट वाढून आणलं आणि त्या खुर्चीत बसले. आजच मनाशी ठरवून आले होते की रोज इथं बसून सगळ्यांसोबत जेवायचं. पण समोर आजींची जागा होती, खिडकीतून ऊन आलं होतं आणि माझ्यानं घास उचलवेना. माझा चमचा माझ्याच हातानं पालथा झाला. खूप भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी हात जोडून बसले. समोर कुणीतरी येऊन बसेल, निदान क्षणभर, एवढीच वाट बघत होते.

झटपटबाई आल्या. पाटी उतरवून तीन दिवस झाले, पण हाताला लागलेलं वळण भिंतीवर थोडंच असतं? ते मीच लावलेलं. "झालं ना ताई?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता भरलेलं ताट उचलून घेऊन गेल्या.

मला बोलता येतं. तोंड उघडलंही होतं. पलीकडून बँडमास्तर छडी आपटत होते, आणि मी ताटाकडे पाहिलं, मग झटपटबाईंकडे पाहिलं, आणि बोलले नाही.